राजवाडा, संसद आणि हजारभर मतं

तोक्योच्या पहिल्या लोकसभा मतदारसंघात जपानचा सम्राट राहतो, पण त्याला मत नाही. राजघराण्याची नावं सर्वसामान्य लोकांच्या कुटुंबनोंदवहीत नसतात आणि ज्यांची नावं त्या वहीत नाहीत त्यांचा मताधिकार कायद्यानं स्थगित ठेवलेला आहे. राजवाड्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर संसद आहे. तिथं बसणारे खासदार देशभरातून येतात आणि मत द्यायला आपापल्या गावी जातात. पंतप्रधानांचं निवासस्थानही याच मतदारसंघात, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान झालेले इशिबा शिगेरू तोत्तोरीचे. बाजूला कासुमिगासेकीत बहुतेक मंत्रालयं, थोडं पुढे सर्वोच्च न्यायालय. इतकी सत्ता एका पालिका प्रभागात कोंबलेली आणि त्या चियोदा प्रभागाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आत! दिवसा मात्र तिथं आठ लाखांहून जास्त माणसं असतात. संध्याकाळी सहानंतर ती गाड्या भरभरून आपापल्या उपनगरांत निघून जातात.

मग या मतदारसंघात मत देतं कोण? ते बघायला मी गेलो होतो. देशाटनाला निघालेल्या माणसानं मंदिरं, बागा, फुजी पर्वत बघावा हे खरं, पण मला निवडणुका बघायचा नाद आहे, आणि त्या वर्षी योगही जुळून आला होता. १५ ऑक्टोबर २०२४ ला जपानच्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीची अधिकृत घोषणा झाली आणि त्याच दिवशी दिल्लीत महाराष्ट्र विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या. फोनवर घरून महाराष्ट्रातल्या बंडखोरांच्या बातम्या येत होत्या आणि डोळ्यासमोर तोक्योतले उमेदवार पांढरे हातमोजे घालून हात हलवत होते. इशिबांनी पंतप्रधान झाल्यावर अवघ्या आठ दिवसांत सभागृह विसर्जित केलं होतं. एवढी घाई युद्धोत्तर काळात कुणी केली नव्हती. प्रचाराला मिळाले बारा दिवस. आपल्याकडे बारा दिवसांत एका जागेचं तिकीटवाटपही धड होत नाही.

सुरुवात हिबियापासून केली, कारण या मतदारसंघाचा इतिहास सांगायचा तर तो इथंच सुरू करावा लागतो. हिबिया बागेच्या कडेला तांबूस विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची एक इमारत आहे. तिच्यातलं १९२९ सालचं सार्वजनिक सभागृह २०१६ पासून डागडुजीसाठी बंद आहे, त्यामुळे बाहेरूनच बघावं लागतं. १२ ऑक्टोबर १९६० ला इथं तीन पक्षांच्या नेत्यांची जाहीर सभा होती. पंतप्रधान इकेदा हायातो व्यासपीठावर बसलेले. समाजवादी पक्षाचे अध्यक्ष आसानुमा इनेजिरो बोलायला उभे राहिले. धिप्पाड देह, घोगरा आवाज, अखंड दौरे. लोक त्यांना ‘माणसातलं रेल्वे इंजिन’ म्हणत. प्रेक्षकांतून उजव्यांचा गोंगाट चालू होता. तेवढ्यात सतरा वर्षांचा एक मुलगा व्यासपीठावर धावत आला आणि त्यानं आखूड तलवार आसानुमांच्या छातीत खुपसली. मैनिची वृत्तपत्राचे छायाचित्रकार नागाओ यासुशी यांनी तो क्षण टिपला आणि पुढच्या वर्षी त्या छायाचित्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला. दूरचित्रवाणीवर ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. हल्लेखोर यामागुची ओतोया यानं तीन आठवड्यांनी कोठडीत आत्महत्या केली.

आसानुमा याच पहिल्या मतदारसंघाचे खासदार होते. स्वतःच्या मतदारांसमोर, आपल्याच मतदारसंघातल्या व्यासपीठावर ते कोसळले. महिनाभरानं, २० नोव्हेंबरला सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी क्योको उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. सहानुभूतीची लाट म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्या लाटेनं देशाचं राजकारण पालटलं नाही. निवडणूक इकेदांच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षानंच जिंकली. सुज्ञ पंतप्रधानानं संसदेत आपल्या प्रतिस्पर्ध्याला मनापासून श्रद्धांजली वाहिली होती, त्याचाही उपयोग झाला असं म्हणतात. उत्पन्न दुप्पट करू, हे त्यांचं आश्वासन तर होतंच.

तेव्हाचा पहिला मतदारसंघ आजच्यापेक्षा बराच मोठा होता आणि त्यातून एक नव्हे, अनेक खासदार निवडले जायचे. पंतप्रधान झालेले हातोयामा इचिरो इथलेच. कम्युनिस्टांचे नोसाका सान्झोही युद्धानंतर इथूनच निवडून आले होते. एका मतदारसंघात तीन-चार-पाच जागा आणि मतदाराला मत मात्र एकच, अशी ती पद्धत १९९३ पर्यंत चालली. तिची गंमत अशी की सत्ताधारी पक्षाला बहुमत हवं तर प्रत्येक मतदारसंघात दोन-तीन उमेदवार उभे करावे लागत, आणि मग त्या उमेदवारांची खरी लढाई विरोधकांशी नसून आपल्याच पक्षाच्या माणसाशी असे. पक्षाचा कार्यक्रम दोघांचाही एकच. मग मतदारानं आपल्याला का निवडावं? लग्न-मयताला हजेरी लावतो म्हणून, पूल बांधून देतो म्हणून, गटाच्या पुढाऱ्याकडून पैसा आणतो म्हणून. एकामागून एक पैशांची लफडी बाहेर आली, १९९३ मध्ये अडतीस वर्षांची सत्ता गेली आणि १९९४ मध्ये कायदा बदलला. आता एका मतदारसंघात एकच खासदार, आणि जोडीला प्रादेशिक पक्षयाद्यांमधून प्रमाणशीर जागा. मतदाराच्या हाती दोन मतं आली: एक माणसाला, एक पक्षाला.

नव्या पद्धतीचा पहिला मतदारसंघ आखला गेला तो चियोदा, मिनातो आणि शिंजुकू या तीन प्रभागांचा. आणि त्यात दोन माणसांचा असा सामना सुरू झाला की तो एका तपाहून जास्त चालला.

एक योसानो काओरू. (जपानीत आडनाव आधी.) कवयित्री योसानो अकिको आणि कवी योसानो तेक्कान यांचा हा नातू. तोक्यो विद्यापीठातून कायदा, मग अणुऊर्जा कंपनीत नोकरी, मग पुढे पंतप्रधान झालेल्या नाकासोनेंचे सचिव, १९७६ मध्ये पहिल्यांदा खासदार. अर्थखात्याचा माणूस, कर वाढवायला हवेत असं निवडणुकीच्या तोंडावरही स्पष्ट सांगणारा. दुसरे काइएदा बान्री. ते टीव्हीवर गुंतवणूक, घरखर्च, करबचत यांवर बोलणारे अर्थभाष्यकार म्हणून घराघरांत माहीत होते. फावल्या वेळात अभिजात चिनी वळणाच्या कविता करणारे. १९९३ मध्ये ते नव्या विरोधी लाटेत निवडून आले. म्हणजे एकीकडे कवयित्रीचा नातू आणि दुसरीकडे हौशी कवी, आणि दोघांचाही विषय अर्थकारण. मतदारांना निवडायला सोपं नव्हतं.

१९९६ योसानो. २००० काइएदा. २००३ पुन्हा काइएदा. २००५ योसानो. २००९ काइएदा. ही नुसती यादी वाचली तर झोपाळा वाटतो, पण प्रत्येक झोक्यामागे देशातली वेगळी हवा होती. २००० मध्ये पंतप्रधान मोरी योशिरो मतदानाच्या तोंडावर बोलून बसले की कुठल्याच पक्षाचे नसलेले मतदार त्या दिवशी झोपून राहिले तर बरं. शहरी जपानमध्ये असं बोलणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. शिंजुकूतले ते मतदार उठले आणि माजी उद्योगमंत्री योसानो अडीच हजारांच्या आसपास मतांनी पडले. २००३ चा फरक तर त्याहूनही कमी, दीडेक हजारांचा. मग २००५ मध्ये टपाल खात्याच्या खासगीकरणावरून पंतप्रधान कोइझुमींनी सभागृह विसर्जित केलं आणि योसानोंनी जवळजवळ अठ्ठेचाळीस हजारांनी बाजी मारली. चार वर्षांनी सरकारविरोधी लाट आली आणि काइएदा बारा हजारांच्या आसपास मतांनी परत आले.

आता इथं एक खुबी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. उमेदवाराला मतदारसंघातही उभं राहता येतं आणि पक्षाच्या प्रादेशिक यादीतही नाव घालता येतं. यादीत बऱ्याच जणांना एकच क्रमांक दिलेला असतो. मग त्यांतला कोण आत येणार हे कसं ठरतं? हरलेल्याची मतं भागिले जिंकलेल्याची मतं. ज्याचा पराभव जास्त थोडक्यात, तो आधी आत. लोक अशा खासदारांना सरळ ‘झाँबी’ म्हणतात. १९९६ चे काइएदा, २००३ आणि २००९ चे योसानो, असे पडूनही सभागृहात पोचले. या मतदारसंघात पराभव नेहमी निसटता असल्यामुळे हे भागाकाराचं गणित इथल्या हरलेल्याला बहुतेक वेळा वाचवून घ्यायचं. एका अर्थी तोक्यो-१ ला बराच काळ दोन-दोन खासदार होते, जुन्या पद्धतीसारखेच!

नागाताचोतल्या संसदभवनात मी गेलो ते वरिष्ठ सभागृहाच्या बाजूनं. कामकाजाच्या दिवशी ती बाजू फुकट दाखवतात. १९३६ साली पुरी झालेली राखाडी दगडी इमारत. मधल्या दालनाच्या चार कोपऱ्यांत चार चौथरे आहेत. तिघांवर संसदीय राजकारणाच्या आद्यपुरुषांचे पुतळे: इतागाकी ताइसुके, ओकुमा शिगेनोबू, इतो हिरोबुमी. चौथा चौथरा रिकामा. कुणाला बसवावं यावर एकमत झालं नाही असं एक कारण सांगतात. राजकारण कधी पूर्ण होत नाही याची ती खूण, असं दुसरं. पहिलं जास्त पटण्यासारखं आहे. पुतळ्यांच्या बाबतीत आपणही अनुभवी आहोत. फक्त आपण चौथरा रिकामा ठेवला नसता.

याच इमारतीत काइएदा-योसानो कथेचा सगळ्यात अजब अंक घडला. २००९ मध्ये काइएदांच्या हातून पडून यादीच्या दारानं आत आलेल्या योसानोंनी एप्रिल २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि सहकाऱ्यांबरोबर नवा पक्ष काढला. आणि जानेवारी २०११ मध्ये पंतप्रधान कान नाओतो यांनी त्यांना थेट मंत्रिमंडळात घेतलं. कान काइएदांच्या पक्षाचे! खातं कोणतं दिलं? आर्थिक धोरणाचं, म्हणजे ज्यावर तोवर काइएदा बसले होते तेच. काइएदांना अर्थ-उद्योग खात्यात हलवलं. आयुष्यभर ज्याच्याशी लढलो तोच आपल्या खुर्चीत. आयुष्य मोठं विसंगत असतं, अशा अर्थाचं काइएदा त्या दिवशी पत्रकारांना म्हणाले. तिकडे जुने पक्षबांधव योसानोंवर खवळले होते की आमच्या यादीवर मिळालेली जागा आधी परत करा. योसानोंनी जागा सोडली नाही. करवाढीशिवाय देशाचं निवृत्तिवेतन चालणार नाही, हे ते त्याही पक्षाला पटवत बसले.

आणि ज्या खात्यात काइएदांना हलवलं होतं, त्याच खात्याकडे अणुऊर्जेचा कारभार होता. दोन महिन्यांनी, ११ मार्च २०११ ला, भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा. बदलीनं आलेल्या या मंत्र्याच्या माथी देशातला सर्वात मोठा अणुअपघात आला. त्या जुलैत संसदीय समितीत विरोधक त्यांना राजीनाम्यावरून टोचत होते. प्रश्नांना उत्तरं देताना त्यांनी हात वर केला तेव्हा तळव्यावर शाईनं लिहिलेलं एक अक्षर कॅमेऱ्यांनी टिपलं: ‘सहन कर’ अशा अर्थाचं. काही दिवसांनी समितीच्या बैठकीतच त्यांना रडू कोसळलं. ऑगस्टमध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत ते सर्वांत पुढे होते, १४३ मतं. दुसऱ्या फेरीत बाकीचे सगळे एकवटले आणि नोदा योशिहिको २१५ विरुद्ध १७७ नं पंतप्रधानपदावर पोचले. थोडक्यात हरण्याचा मतदारसंघाचा गुण उमेदवारालाही लागला असावा.

योसानो घशाच्या कर्करोगानं आवाज गमावून बसले. २०१२ मध्ये ते उभे राहिले नाहीत. मे २०१७ मध्ये ते गेले. काइएदांना मात्र नवी प्रतिस्पर्धी मिळाली: यामादा मिकी, वयानं पंचवीस वर्षांनी लहान, ज्या खात्याचे काइएदा मंत्री होते त्याच खात्यात एकेकाळी अधिकारी असलेल्या. २०१२ मध्ये नऊ उमेदवार होते आणि यामादा जिंकल्या अकराशेच्या आसपास मतांनी. काइएदा भागाकाराच्या कृपेनं आत आले आणि चक्क पक्षाध्यक्ष झाले. २०१४ मध्ये ते पुन्हा हरले, आणि या वेळी भागाकारही कामी आला नाही. प्रमुख विरोधी पक्षाचा अध्यक्षच घरी बसला. अशी नामुष्की १९४९ मध्ये समाजवाद्यांच्या कातायामा तेत्सूंवर आली होती, त्यानंतर ही पहिलीच. सगळ्यांनी त्यांचा निकाल लावून टाकला. २०१७ मध्ये ते तीन हजारांच्या फरकानं परत आले.

कुदानच्या चढावर आपला दूतावास आहे, राजवाड्याच्या खंदकासमोर. तिथून जिंबोचोची जुन्या पुस्तकांची गल्ली फार लांब नाही. तिथं रेंगाळण्यात अर्धा दिवस गेला. त्याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल. माझ्या यजमानीण, निवृत्त ग्रंथपाल, कागुराझाकाजवळ राहतात, म्हणजे शिंजुकू प्रभागात. त्यांच्या घरासमोरच प्रचारफलक उभा होता. पालिका गल्लोगल्ली असे लाकडी फलक लावते, त्यावर आकडे घातलेले चौकोन आखलेले असतात आणि चिठ्ठीनं ज्याला जो क्रमांक मिळेल तिथंच त्याचं पोस्टर. सगळ्यांना तेवढीच जागा. झाड, खांब, बसथांबा यांना हात लावायचा नाही. चाळीस फुटी कटआउट नाहीत. आपल्या कार्यकर्त्यांना इथं आणलं तर ते दुसऱ्या दिवशी कंटाळून परत जातील.

पोस्टरवर नाव केवढं मोठं आणि बऱ्याचदा सोप्या अक्षरांत का लिहिलेलं असतं, याचं कारण बाईंनी मला प्रत्यक्षच दाखवलं. त्या आधीच मत देऊन येणार होत्या. तशी सोय २००३ पासून आहे आणि बरंच गाव तिचा फायदा घेतं असं त्या म्हणाल्या. मी बाहेर थांबलो. आत मतपत्रिकेवर छापील नावं नसतात. कोरा चौकोन असतो, आणि पेन्सिलीनं उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. दुसऱ्या चिठ्ठीवर पक्षाचं नाव. तिसरी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची: जो नको त्याच्या नावावर फुली. आडनाव एवढंच लिहिलं तरी चालतं. दोन उमेदवारांचं आडनाव एकच असेल आणि मतदारानं तेवढंच लिहिलं तर ते मत दोघांत त्यांच्या इतर मतांच्या प्रमाणात वाटतात, म्हणून निकालात दशांश चिन्हानंतरचे आकडे दिसतात. पक्षांचंही तसंच. २०२१ मध्ये दोन पक्षांनी ‘मिनशुतो’ हेच संक्षिप्त नाव नोंदवून ठेवलं आणि मतं दोघांत वाटली गेली.

‘आणि कागद बघण्यासारखा असतो हं,’ बाई म्हणाल्या. मतपत्रिका साध्या कागदाची नसते. प्लास्टिकपासून केलेल्या, घडी घातली तरी आपोआप उलगडणाऱ्या कृत्रिम कागदाची असते. पेटीत टाकली की आत ती स्वतःच सरळ होते. मोजणाऱ्यांना घड्या उकलत बसावं लागत नाही आणि पेन्सिल त्यावर सुरेख चालते. निवडणुकीच्या कामाला जुंपलेल्या आपल्या शिक्षकांना हे सांगितलं तर ते जपानला हात जोडतील.

गल्लीतून उमेदवाराची गाडी गेली. कर्ण्यावर फक्त नाव. नाव, पुन्हा नाव, ‘कृपा असू द्या’, पुन्हा नाव. मला हे फार मठ्ठपणाचं वाटलं, पण चालत्या गाडीतून भाषण करायला कायद्यानंच बंदी आहे. नाव पुकारता येतं तेवढं. भाषण करायचं तर गाडी उभी करून. आणि घरोघरी जाऊन मत मागायला १९२५ पासून मनाई. ज्या वर्षी सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला त्याच वर्षी, लाच आणि दडपण टाळायचं म्हणून, दारावर जाणं बंद झालं. शंभरेक वर्षं झाली, ती बंदी आहे तशीच. म्हणजे ज्या भेटीगाठींशिवाय आपल्याकडे निवडणूकच होत नाही, त्या इथं गुन्हा आहेत. उमेदवारी अनामत मात्र जबर: तीस लाख येन. वैध मतांच्या एक दशांश मतं न मिळाली तर ती बुडते.

तरीही हौशी उमेदवारांना तोटा नाही. या मतदारसंघात स्वतःला एकमेव देव म्हणवणारे मातायोशी मित्सुओ अनेकदा उभे राहिले आणि दर वेळी अनामत सरकारजमा करून गेले. स्माइल पार्टीचे माक आकासाका नाचत-हसत प्रचार करायचे. त्यांनाही २००९ मध्ये मतदारांनी हसून सोडून दिलं. पण दहा वर्षांनी, २१ एप्रिल २०१९ ला, ते मिनातोच्या प्रभागसभेवर खरोखर निवडून आले. त्याच दिवशी तोक्योच्या पूर्व टोकाला, एदोगावा प्रभागात, योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस साडेसहा हजारांच्या आसपास मतं घेऊन नगरसेवक झाला. त्यासाठी त्याला आधी जपानी नागरिक व्हावं लागलं होतं. परक्या नागरिकाला इथं कितीही वर्षं कर भरला तरी प्रभागसभेचंसुद्धा मत नाही.

शिंजुकूत ही गोष्ट फार ठळक दिसते. साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती आणि त्यात दहातला एकाहून अधिक परदेशी. शिन-ओकुबोच्या रस्त्यावर कोरियन दुकानं, नेपाळी किराणा, व्हिएतनामी पोरं. प्रचाराची गाडी तिथूनही जाते, नाव पुकारते, पण फुटपाथवरच्या अर्ध्या माणसांकडे तिला द्यायला काही नसतं. परक्यांशी या प्रभागाचं नातं जुनं आहे. शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेला नाकामुराया आहे, जिथल्या सोमा दांपत्यानं १९१५ मध्ये क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना लपवून ठेवलं. पुढे बोस त्यांचे जावई झाले. त्यांच्या पद्धतीची भारतीय धर्तीची करी तिथं १९२७ पासून मिळते. मी खाल्ली. गोडसर होती.

आणि मग तोयामा. वासेदा विद्यापीठापासून जवळच. पुतळ्यातल्या त्याच ओकुमांनी काढलेलं हे विद्यापीठ. तोयामात पूर्वी सैन्याची जमीन होती, युद्धानंतर तिथं सरकारी वसाहत उभी राहिली: एकसारख्या इमारतींच्या रांगा, मधोमध हाकोनेयामा नावाची ४४.६ मीटरची टेकडी. यामानोते रेल्वेच्या वर्तुळात एवढंच काय ते उंच. रहिवाशांत निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढचे. बाकांवर काठ्या टेकून बसलेले आजोबा, व्हरांड्यात वाळत घातलेल्या गाद्या, जिन्याला नंतर जोडलेली लिफ्ट. गगनचुंबी महानगर-शासन भवनाच्या आणि काबुकिचोच्या झगमगाटाच्या शेजारी हे आहे, यावर विश्वास बसत नाही. पण मला वाटतं तोक्यो-१ ची चावी इथं आणि अशा गल्ल्यांत आहे. मंत्रालयातला अधिकारी शेजारच्या साइतामात मत देतो. रोज लाखो माणसं शिंजुकू स्टेशनातून जातात. उमेदवार त्यांच्यासमोर घसा फोडून बोलतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं मत दुसऱ्याच मतदारसंघात असतं. ज्यांचं मत इथं आहे, ते दुपारी बाकावर बसलेले असतात.

त्यातून मतदारसंघाची हद्दही हलत राहते. गावाकडच्या मतदाराच्या मताला शहरी मतदाराच्या दुपटीहून जास्त वजन पडतं म्हणून लोक न्यायालयात जात राहिले. २००९ च्या निवडणुकीतली २.३ पट तफावत ‘घटनाबाह्य अवस्था’ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ठरवलं. मग रेषा पुसून पुन्हा आखणं सुरू झालं. २०१७ मध्ये मिनातो आणि शिंजुकूचे तुकडे बाहेर गेले. २०२२ च्या फेरआखणीत तोक्योला पंचवीसच्या तीस जागा मिळाल्या आणि मिनातो अख्खाच गेला. रोप्पोंगी, आझाबू, आकासाका हा सगळा श्रीमंत पट्टा तोडला गेला. बाईंच्या मते त्यानं काइएदांचं भलं झालं. यामादा समर्थकांचा हिशेब अर्थात वेगळा.

२०२१ मध्ये काइएदा पुन्हा यामादांकडून हरले होते, यादीतून वाचले, आणि सभागृहाचे उपसभापती झाले. आता पंचाहत्तरीत ते पुन्हा रिंगणात होते. तिसरे ओतोकिता शुन, वरिष्ठ सभागृहाची जागा सोडून इथं नशीब आजमावायला आलेले. हवा मात्र सत्ताधारी गटांच्या हिशेबाबाहेरच्या पैशांचीच होती. एकेका स्टेशनावर माणसं थांबून ऐकत होती, वाद घालत नव्हती, घोषणा देत नव्हती. टाळ्या पडत त्या वाक्य संपल्यावर, शिस्तीत.

२७ ऑक्टोबरला रात्री आठ वाजता मतदान संपलं आणि आठ वाजून काही सेकंदांनीच वाहिन्यांवर निकाल यायला लागले. सत्ताधारी आघाडीनं बहुमत गमावलं, लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९१ वर आला. तोक्यो-१ मध्ये काइएदा जिंकले, यामादा आणि ओतोकिता पडले. देशभरात निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांनी मत दिलं होतं, ५३.८५ टक्के.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, आता मिरवणूक कुठं बघायला मिळेल? त्या चमकल्या. निकालानंतर मतदारांचे आभार मानत गाड्यांनी फिरणं, आभाराची सभा घेणं, आभाराची पोस्टरं चिकटवणं, वर्तमानपत्रात जाहिरात देणं, सगळ्याला निवडणूक कायद्यात मनाई आहे. दारावर जाऊन धन्यवाद म्हणणंसुद्धा नाही. हरलेल्यालाही तेच लागू. कागुराझाकाच्या फलकासमोर पालिकेचे दोघे कामगार पक्कड घेऊन आले, पाचर काढली, अख्खा फलक पोस्टरांसकट टेम्पोत टाकला आणि पुढच्या गल्लीत गेले. त्यांना दुपारपर्यंत अजून बरेच फलक काढायचे होते.